वॅट शेवटी विचारा

गेल्या मे महिन्यात लालबागहून एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. मखरं आणि देवघरं बनवतो. सरळ मुद्द्यावरच आला. "दादा, दोन लेझर मशीन बघून ठेवलीत. एक दीडशे वॅटचं, दुसरं हजार वॅटचं. हजारवालं महाग आहे, पण ताकद सहापटीच्या वर. थोडं कर्ज काढून तेच घेऊ का?"

"कापायचं काय आहे?"

"एमडीएफ आणि ॲक्रिलिक. दुसरं काय?"

"मग हजारवालं तुझं एमडीएफ जाळून काळं करेल, आणि पारदर्शक ॲक्रिलिकमधून त्याचा किरण तसाच आरपार जाईल."

पलीकडून जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "पण विकणारा तर म्हणाला, हे सगळं कापतं."

विकणारा खोटं बोलला असेल असंही नाही. त्याच्या 'सगळं'मध्ये फक्त पत्रे असतील. साकीनाक्याच्या गाळ्यात मी सतरा वर्षं लेझरचं जॉबवर्क करतोय, आणि दर महिन्याला एखादा तरी माणूस हाच हिशेब घेऊन येतो: जास्त वॅट म्हणजे जास्त चांगलं मशीन. म्हणून एकदा नीट लिहून काढतो. माझं म्हणणं एवढंच आहे की लेझर घेताना लेझरपेक्षा त्याच्या आजूबाजूचं जास्त तपासा: समोरचा माल, आतलं पाणी, बाहेरची हवा, गाळ्यातली वीज. कॅटलॉगात यातलं काहीही ठळक अक्षरात नसतं.

किरण पिणारा माल, किरण परतवणारा माल

वॅट म्हणजे किरणात शक्ती किती. ती शक्ती समोरच्या मालात मुरणार की नाही, हे मात्र किरणाच्या तरंगलांबीवर ठरतं. बाजारात कटिंगसाठी मुख्यतः दोन जाती आहेत. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणाऱ्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन; फायबर, म्हणजे काचेच्या तंतूत किरण तयार करणाऱ्या लेझरची १ मायक्रॉनच्या जरा वर. म्हणजे दहापटीचा फरक. लालबागच्या मुलाचं दीडशेवालं सीओटू, हजारवालं फायबर.

काचेचा पेला डोळ्यासमोर आणा. आपल्याला त्यातून पलीकडचं दिसतं, कारण डोळ्याला दिसणारा प्रकाश काचेतून जातो. फायबरचा किरण त्याच्या जवळचा, त्यामुळे तोही जातो. सीओटूच्या किरणाला मात्र तोच पेला म्हणजे भिंत. तो पृष्ठभागावरच मुरतो, काच तडकवतो, आणि म्हणून काचेवर नाव कोरायला सीओटू लागतो. लाकूड, एमडीएफ, ॲक्रिलिक, चामडं, कापड, कागद, शिक्क्यांचं रबर हे सगळे सीओटूचे गिऱ्हाईक. धातू उलटा वागतो. तो सीओटूचा किरण आरशासारखा परत फेकतो आणि फायबरचा बराच जास्त पितो. म्हणून एमएस (साधं पोलाद), एसएस (स्टेनलेस स्टील), ॲल्युमिनियम, पितळ यांना फायबर. तांबं आणि पितळ फायबरलाही थोडं परतवतात, तेव्हा ते रोज कापायचं असेल तर सोर्स, म्हणजे किरण तयार करणारा डबा, परतलेला किरण सोसणारा आहे का, हे आधीच विचारून घ्या.

आपल्याकडे फारशी बोलली न जाणारी एक गोष्ट इथे सांगायचा मोह होतो. हा सीओटू लेझर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये ज्यांनी शोधला, ते कुमार पटेल जन्माने बारामतीचे आणि शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. चिनी मशीनच्या डब्यावरचं स्टिकर वाचताना मला दर वेळी ते आठवतं.

तिसरी जात मार्किंगची. यात हेड, म्हणजे किरण सोडणारं तोंड, फिरत नाही. दोन छोटे आरसे वाऱ्याच्या वेगाने हलतात आणि किरण नाचवतात. त्याला गॅल्व्हो म्हणतात. २०, ३०, ५० वॅटची फायबर मार्किंग मशीन झवेरी बाजारापासून वसईच्या फॅक्टऱ्यांपर्यंत सगळीकडे दिसतील. दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, जो १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सक्तीचा झाला, तो लेझरनेच कोरतात. स्टीलवर रंगीत मार्किंग हवं तर मोपा सोर्स (किरणाच्या झटक्याची लांबी बदलता येणारा) विचारा. नाजूक प्लॅस्टिकवर जळका डाग नको असेल तर ३५५ नॅनोमीटरचा यूव्ही. बस, एवढं पुरे.

आता साइनबोर्डवाल्यांसाठी महत्त्वाचं. सनबोर्ड लेझरवर कापू नका. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी जळलं की क्लोरीनयुक्त वायू सुटतो, जो हवेतल्या दमटपणाशी मिळून आम्ल बनतो. आधी तुमचा घसा धरतो, मग मशीनचे रेल आणि बेअरिंग गंजवतो. रेक्झिन, विनाइल, फ्लेक्स यांचंही तेच. शंका असेल तर जुनी युक्ती आहे: तांब्याची तार गॅसवर लाल करा, मालाला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर आत क्लोरीन आहे. सनबोर्ड आणि एसीपीसाठी (ॲल्युमिनियमचं पॅनेल) सीएनसी राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने कापणारं मशीन, घ्या. त्याला लेझरची मिजास नाही, पण त्या कामाला तोच बरोबर.

१३९० म्हणजे काय

मशीनच्या नावातला आकडा हा बेडचा आकार असतो. १३९० म्हणजे १३०० बाय ९०० मिलिमीटर, १३२५ म्हणजे १३०० बाय २५००, आणि पत्र्याच्या फायबर मशीनचं ३०१५ म्हणजे ३००० बाय १५००. आपल्याकडे ॲक्रिलिक आणि एमडीएफ आठ बाय चारच्या शीटमध्ये येतं. ती अख्खी शीट १३२५ वरच बसते. पण तिचे आडवे तीन तुकडे केले तर प्रत्येक तुकडा साधारण १२२० बाय ८१३ चा होतो आणि १३९० वर आरामात मावतो. मुंबईत जागेचं भाडं बघता मी बहुतेकांना १३९० च सुचवतो. मखराचे मोठे खांब सलगच हवेत, असा हट्ट असेल तर गोष्ट वेगळी.

बेड ठरवताना गाळ्याचं दारही मोजा. हसू नका. मरोळला एकाचं मशीन तळमजल्यावर चार दिवस ताडपत्रीखाली पडून होतं, कारण गुड्स लिफ्टचा दरवाजा सहा इंच कमी पडला. ३०१५ चं फायबर मशीन तर टनांत वजन करायचं. वरच्या मजल्यावरचा गाळा असेल तर जमीन किती भार घेते, हे इस्टेटच्या सोसायटीकडून लेखी घ्या.

कटिंगपेक्षा एनग्रेव्हिंगमध्ये नवे लोक जास्त फसतात, कारण वेळेचा अंदाज चुकतो. ३०० बाय २०० मिलिमीटरची एक पाटी पूर्ण पृष्ठभागावर कोरायची आहे असं धरा. दोन ओळींमधलं अंतर ०.१ मिलिमीटर ठेवलं तर २००० ओळी होतात. हेड सेकंदाला ३०० मिलिमीटर धावतंय, म्हणजे एका ओळीला एक सेकंद. एकूण २००० सेकंद, तेहतीस मिनिटं. वळायला लागणारा वेळ त्यात धरलेलाच नाही. तीच पाटी नुसती कडेने कापायची तर परीघ एक मीटर, सेकंदाला १० मिलिमीटरने शंभर सेकंदांत मोकळे. पाटीचा भाव सांगताना हा फरक डोक्यात नसेल तर गिऱ्हाईक खूश आणि तुम्ही भाडं भरायला उधारीवर.

मुंबईचा पाऊस आणि काचेची नळी

सीओटूची स्वस्त मशीन काचेच्या नळीवर चालतात. ती नळी म्हणजे गाडीच्या टायरसारखी, झिजणारच. काही हजार तास चालते, मग बदलायची. वापरली नाही तरी आतला वायू हळूहळू खराब होतो, म्हणून 'ऑफर आहे' म्हणून दोन नळ्या घेऊन माळ्यावर ठेवू नका. नळी जितकी लांब तितकी तिची खरी ताकद जास्त. ८० वॅटच्या नळीला जास्त करंट देऊन १०० वॅट म्हणून विकणं हा बाजारातला जुना धंदा आहे. मशीन जोरात कापतं, आणि नळी अर्ध्या वयात मरते. त्यामुळे बिलावर नळीची कंपनी, मॉडेल, लांबी आणि कायमचा चालवायचा करंट किती मिलिअँपिअर, हे लिहून मागा.

नळी पाण्याने थंड राहते. इथे माझीच फजिती सांगतो. पहिलं मशीन मी गोरेगावच्या एका प्रदर्शनात बघून घेतलं, एप्रिलमध्ये. विकणाऱ्याचा माणूस बसवून गेला, चिलर, म्हणजे पाणी थंड करणारा डबा, १८ अंशांवर लावून. 'जितकं थंड तितकं नळीला बरं' हे त्याचं वाक्य. मेपर्यंत छान चाललं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि एका सकाळी नळीच्या टोकाशी चटचट आवाज येऊन निळी ठिणगी उडाली. नळी गेली, पॉवर सप्लाय गेला. फोन केला तर उत्तर आलं, "पाण्याचा प्रॉब्लेम आहे, वॉरंटीत बसत नाही."

झालं काय होतं? फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो ना, तेच. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २५ पेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरतं. माझी नळी १८ वर होती. काचेवर पाणी, लेन्सवर पाणी, आणि शेजारी हजारो व्होल्टची तार. आता जून ते सप्टेंबर माझा चिलर २६-२७ वर असतो. नळीला हे तापमान चालतं, पाणी धरलेलं चालत नाही.

चिलर विकत घेतानाही नीट बघा. सीडब्ल्यू-३००० नावाचा जो छोटा डबा फुकट म्हणून देतात, त्यात कंप्रेसरच नसतो. तो फक्त पंखा आणि रेडिएटर. खोलीच्या हवेपेक्षा पाणी थंड करूच शकत नाही. मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो निव्वळ शोभेचा. ८० वॅटच्या वर निदान सीडब्ल्यू-५००० किंवा ५२०० मागा. पाणी डिस्टिल्ड, आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदललेलं. नळाचं पाणी घातलं की आत क्षार बसतात आणि विजेची गळतीही होते. शिवाय पाइप उंदरांपासून सांभाळा. आमच्या इस्टेटीतल्या उंदरांना सिलिकॉनचा पाइप का आवडतो हे मला अजून कळलेलं नाही.

फायबरवाल्यांनो, तुम्ही सुटलात असं नाही. सोर्सचं कपाट पावसाळ्यात बंद, एसी चालू, आतला दमटपणा उतरल्यावरच मशीन सुरू. गणपतीची चार दिवस सुट्टी काढून आल्या आल्या बटण दाबू नका.

पत्रा कापणारं पोट

फायबरच्या कॅटलॉगात लिहिलेली 'कमाल जाडी' म्हणजे लग्नाच्या बायोडेटातली उंची. एकदा कापून दाखवता येते, रोज आठ तास नाही. रोजच्या स्वच्छ कामासाठी त्या आकड्याच्या साठ-सत्तर टक्केच धरा. तुमचं नव्वद टक्के काम दोन-तीन मिलिमीटरच्या पत्र्याचं असेल, तर कधीतरी येणाऱ्या वीस मिलिमीटरच्या प्लेटसाठी मोठा सोर्स घेऊ नका. ती प्लेट बाहेर कापून आणा.

फायबरचा खरा खर्च विजेपेक्षा गॅसवर होतो. एमएसला ऑक्सिजन देतात. लोखंड त्यात स्वतःच जळतं आणि कापायला हातभार लावतं, त्यामुळे दाब कमी पुरतो. एसएसची कड चांदीसारखी हवी तर नायट्रोजन, आणि तोही जोरदार दाबाने. २ मिलिमीटरचं नोझल आणि १५ बार दाब धरून गणित केलं, तर ताशी सुमारे ३५ घनमीटर नायट्रोजन जातो. आपला नेहमीचा उभा सिलिंडर ७ घनमीटरचा. म्हणजे सलग कापलं तर बारा मिनिटांत एक सिलिंडर, आणि दाब उतरल्यावर तळाचा गॅस कामाचा नाही, म्हणजे त्याहूनही कमी. गाळ्यासमोर सिलिंडरची रांग लावून कोणाचं पोट भरत नाही, म्हणून लोक द्रव नायट्रोजनचा ड्युरा सिलिंडर लावतात, किंवा पातळ पत्र्याला सरळ दाबाची हवा वापरतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. कड थोडी पिवळट येते. पावडर कोटिंग होणार असेल तर कोणाला दिसतेय! पण कंप्रेसरची हवा आपल्याकडे पावसाळ्यात पाणीच घेऊन येते. ड्रायर आणि तेलाचे फिल्टर नसतील तर हेडमधली संरक्षक काच दिवसाला एक जाईल.

वीज. ३ किलोवॅटचा फायबर सोर्स स्वतः साधारण १० किलोवॅट ओढतो. त्यावर चिलर, मोटारी, धूर ओढणारा पंखा आणि मोठा कंप्रेसर धरला की बेरीज तीसच्या आसपास जाते. गाळ्याचा मंजूर लोड तेवढा आहे का? शहरात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुप आणि ठाण्याकडे महावितरण, जे कोणी असेल त्यांच्याकडे आधी अर्ज करा. ॲडव्हान्स त्यानंतर. स्वतंत्र अर्थिंग आणि स्टॅबिलायझर लावायचे, यात मी चर्चाच करत नाही.

डोळे आणि शेजारी

सीओटूच्या मशीनला वर ॲक्रिलिकचं झाकण असतं, आणि ते खरंच किरण अडवतं. फायबरच्या किरणाला तेच झाकण म्हणजे उघडी खिडकी. तो दिसत नाही, डोळ्याच्या बाहुलीतून सरळ आत जातो आणि पडद्यावर एकवटतो. जळलेला पडदा परत येत नाही. तरीही बाजारात उघड्या टेबलावरची मार्किंग मशीन सर्रास विकली जातात, सोबत एक हिरवा गॉगल. गॉगलचा रंग बघू नका. काचेवर १०६४ नॅनोमीटर आणि ओडीचा, म्हणजे काच किरण किती अडवते त्याचा, आकडा छापलेला आहे का ते बघा. त्यातही पूर्ण बंद कपाटातलं मशीन मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या.

ॲक्रिलिकचा वास आणि एमडीएफचा धूर शेजारच्या गाळ्यात गेला की पहिल्या महिन्यातच सोसायटीची नोटीस येते. चिमणी छताच्या वर न्या. आणि ॲक्रिलिक कापताना मशीन सोडून चहाला जाऊ नका. ते पेट घेतं, थेंब थेंब गळत जळतं. सीओटूचा अग्निशामक हाताशी हवा. पावडरचा मारला तर आग विझेल, पण आरसे आणि रेलही जातील.

हप्ता कोण भरणार

समजा १२ लाखांचं कर्ज, १२ टक्के, पाच वर्षं. हप्ता सुमारे २६,७०० रुपये. महिन्याला २५ दिवस आणि दिवसाला सहा तास किरण चालू राहिला तर तासाला १७८ रुपये नुसत्या हप्त्याचे. दिवसाला दोनच तास चालला तर ५३४. भाडं, पगार, वीज, गॅस, नळी हे सगळं त्याच्या वर. म्हणून मशीन घेण्याआधी सहा महिने जॉबवर्क बाहेर करून घ्या आणि एका वहीत मिनिटं लिहा. ॲक्रिलिकवाले मिनिटाचा भाव लावतात, त्यामुळे बिलातच हिशेब मिळतो. मशीनवर १८ टक्के जीएसटी आहे. तो क्रेडिटमध्ये परत मिळतो, पण तुम्ही छोट्या धंद्यांच्या कॉम्पोझिशन योजनेत असाल तर नाही, तेव्हा किंमत विचारताना करासकटची विचारा.

लालबागच्या मुलाने वही घातली. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यापासून त्याचं एमडीएफचं काम वाढलेलंच आहे, पण ते जून ते ऑगस्टमध्ये दाटतं आणि मग दिवाळीपर्यंत शांत. त्यावर उपाय म्हणून आता तो सोसायट्यांच्या नावाच्या पाट्यांची ऑर्डर शोधतोय.

जुलैत तो डेमोला गेला. मी सांगितल्याप्रमाणे स्वतःचं साडेपाच मिलिमीटरचं एमडीएफ आणि स्वतःची फाइल घेऊन, लोकलच्या लगेज डब्यातून. विकणाऱ्याचा तयार नमुना त्याने बाजूला ठेवायला लावला. बेडच्या चारही कोपऱ्यांत एकेक शंभर मिलिमीटरचं वर्तुळ, त्याच वेगाने, त्याच ताकदीने. सीओटू मशीनमध्ये किरण आरशांवरून फिरत येतो, आणि आरसे जरा वाकडे असले तर नळीपासून लांबच्या कोपऱ्यात तो थकतो. जवळचं वर्तुळ टिचकीसरशी पडलं. लांबचं शीटलाच चिकटून राहिलं. व्हर्नियर लावला तर ते गोलही नव्हतं. एका बाजूने अर्धा मिलिमीटर जास्त, म्हणजे बेल्ट सैल.

"लेन्स पुसायची राहिली असेल," विकणारा म्हणाला.

"मग पुसा ना, मी थांबतो," हा म्हणाला, आणि तिथेच स्टूल ओढून बसला. लेन्स पुसली. कोपरा तसाच राहिला. पुढच्या आठवड्यात वसईला दुसरं मशीन बघायला जातोय.